एसएसबी मेला म्हणता, पण अर्थिंग तपासलं होतं का?

शिडाच्या बोटी चालवणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मथळा आहे, 'एसएसबीला मूठमाती द्या'. एसएसबी म्हणजे बोटीवरचा लांब पल्ल्याचा रेडिओ. मला तो चौघांनी पाठवला. त्यातल्या एकाने खाली 'आता बोल' एवढंच लिहिलं होतं. म्हणून बोलतो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: सॅटेलाईट इंटरनेट आल्यावर लांब पल्ल्याच्या रेडिओची गरज उरली नाही, त्यावर ऐकणारंही कोणी नाही, फायबरच्या बोटीवर तो धड बसत नाही, डोलकाठीची तार कापावी लागते, बॅटरी पितो, आणि एवढंच असेल तर हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, सेट घ्या, स्वस्तात पडेल. शेवटी एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरलेल्या अभिलाष टॉमीचं उदाहरण देऊन समारोप.

ज्यांचा या यंत्राशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. बोटीवर सर्रास असतो तो व्हीएचएफ. त्याच्या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात. पंधरा मीटर उंचीच्या दोन डोलकाठ्यांवर अँटेना असल्या तरी सतरा-अठरा सागरी मैलांपलीकडे बोलणं संपतं. एसएसबी त्याहून खालच्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, त्याच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर, आयनांबरावर, आपटून परत खाली येतात, आणि दीडशे वॉटमध्ये माणूस हजारो मैलांवर बोलतो. मध्ये ना टॉवर, ना उपग्रह, ना महिन्याचं बिल.

आता पहिला मुद्दा, इंटरनेटचा. ईमेल आणि हवामानाच्या फाइली यांच्या बाबतीत मेसेज बरोबर आहे, तिथे वाद घालणं हा निव्वळ हट्ट होईल. रेडिओला मोडेम जोडून काही किलोबाइटची वाऱ्याची फाइल उतरवताना चहा होऊन थंड व्हायचा. पण फोन करायला नंबर माहीत असावा लागतो. गोव्याहून मालदीवच्या उलिगानला जाताना, म्हणजे सुमारे ५०० सागरी मैलांच्या वाटेवर, रात्री सुकाणू मोडलं तर साठ मैलांवर कोणती बोट आहे आणि तिच्या कप्तानाचा नंबर काय, हे तुम्हाला कुठून कळणार? रेडिओवर हाक मारली की ती त्या फ्रिक्वेन्सीवर कान लावून बसलेल्या प्रत्येकाला जाते. शिवाय २४ जुलै २०२५ ला स्टारलिंक या सॅटेलाईट इंटरनेटची सेवा जगभर सुमारे अडीच तास बंद पडली होती. घरी असताना अडीच तास म्हणजे काहीच नाही. पण सगळी अंडी एका टोपलीत असतील तर ती टोपली कोणाच्या हातात आहे ते तरी माहीत असावं.

आणि आपल्याकडच्या कायद्याबद्दल त्या मेसेजमध्ये अवाक्षर नाही. बहुधा तो परदेशी मजकुरावरून उचललेला असावा. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय इरिडियम किंवा थुराया हे उपग्रह फोन बाळगणं गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळावर सामानात उपग्रह संदेशयंत्र सापडलं म्हणून परदेशी पर्यटकांना अडवलं गेलेलं आहे. रेडिओलाही परवाना लागतो, जहाजाचा वेगळा आणि चालवणाऱ्याचा वेगळा, आणि तो काढताना चपला झिजतात हे मी अनुभवाने सांगतो. पण ती वाट निदान ठरलेली आहे.

दुसरा मुद्दा, 'कोणी ऐकत नाही'. हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं हे सगळ्यात चिवट असतं. अमेरिकी तटरक्षक दलाने २१८२ किलोहर्ट्झ या जुन्या संकट-फ्रिक्वेन्सीवरचा पहारा २०१३ मध्ये थांबवला आणि २०२२ च्या फेब्रुवारीत बहुतेक ठिकाणी एचएफवर, म्हणजे एसएसबी ज्या पट्ट्यात चालतो त्यावर, आवाजी हाक ऐकणंही बंद केलं. मेसेज इथे थांबतो. पुढची ओळ अशी आहे की त्याच दलाने एचएफवरचा डीएससीचा पहारा चालूच ठेवला. डीएससी म्हणजे लाल बटण: झाकण उघडून दाबून धरलं की तुमच्या बोटीचा क्रमांक आणि जीपीएसवरचं ठिकाण ८४१४.५ किलोहर्ट्झसारख्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जातं, आणि ज्या जहाजांवर एचएफ आहे त्यांच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, तिथला माणूस डुलक्या घेत असला तरी, अलार्म वाजतो. मग दोघांनी ८२९१ वर येऊन बोलायचं. मोठ्या जहाजांच्या संकटसंदेशाचे नियम १ जानेवारी २०२४ पासून बदलले, त्यात टेलेक्सची जुनी पद्धत गेली, एचएफवरचा डीएससी आणि आवाज राहिला.

तेव्हा मेसेजच्या लेखकाशी माझं इथे एका गोष्टीवर जमतं: भंगारातून डीएससी नसलेला जुना सेट आणून तो संकटासाठी बसवू नका. त्यावर गाणी ऐका.

'मी हाक मारली, कोणीच उत्तर दिलं नाही' असंही त्यात आहे. कोणत्या वेळी, कोणत्या बँडवर? भर दुपारी १२ मेगाहर्ट्झवर दीड हजार मैलांवरचा माणूस शेजारी बसल्यासारखा ऐकू येतो आणि शंभर मैलांवरचा अजिबात येत नाही, कारण लहर त्याच्या डोक्यावरून उडी मारून गेलेली असते. त्याच्याशी बोलायचं तर खाली उतरा: दिवसा ६ किंवा ८, रात्री ४. एवढं शिकायला आठवडा पुरतो, पण बटण दाबलं की लागला अशी सवय झालेल्या माणसाला तो आठवडा जड जातो.

तिसरा मुद्दा मेसेजचा हुकमी एक्का आहे: 'अर्थिंगसाठी तळाला शंभर चौरस फूट तांब्याचा पत्रा लागतो, फायबरच्या बोटीवर अशक्य.' हा शंभर फुटांचा आकडा मी पंचवीस वर्षं ऐकतोय. पूर्वी तसा सल्ला दिला जायचा आणि लोक तो पाळायचेही. लॉकरांच्या तळाशी, पाण्याच्या टाकीखाली तांबं चिकटवत सुट्ट्या घालवायचे. मुळात अँटेना म्हणजे अर्धीच गोष्ट. वर जी तार आहे तिला ढकलायला खाली काहीतरी लागतं, नाहीतर ट्यूनर, म्हणजे सेट आणि तार यांचा मेळ घालणारा डबा, कितीही कुरकुरला तरी वीज हवेत जाणार नाही. ते 'काहीतरी' म्हणजे घराच्या अर्थिंगसारखी जमिनीशी जोडणी नव्हे. समुद्राचं खारं पाणी जवळ आहे, त्याच्याशी रेडिओच्या फ्रिक्वेन्सीवर नातं जुळलं की झालं, मग मध्ये फायबरची भिंत असली तरी चालतं.

माझी बोट ३४ फुटी, फायबरची. मी ट्यूनर मागच्या लॉकरमध्ये, बॅकस्टेच्या पायापासून हातभर अंतरावर बसवला. बॅकस्टे म्हणजे डोलकाठीच्या टोकापासून बोटीच्या मागच्या टोकाला येणारी तार, तीच माझी अँटेना. त्याच्या अर्थच्या बोल्टपासून चार बोटं रुंद तांब्याची पट्टी तळातल्या ब्राँझच्या व्हॉल्व्हपर्यंत नेली. पट्टीच का, वायर का नाही? कारण रेडिओची वीज धातूच्या पृष्ठभागावरून वाहते, गोल वायर तिला अरुंद बोळ वाटते. पट्टी एका ठिकाणी मुद्दाम कापली आणि त्या फटीवर सिरॅमिक कपॅसिटर डागले, म्हणजे रेडिओची वीज पार होते आणि बॅटरीची होत नाही, नाहीतर व्हॉल्व्ह हळूहळू गंजून एके दिवशी हातात आला असता. जोडीला बोटीच्या कडेने आतून साध्या इन्सुलेटेड वायरी पसरल्या, पाव तरंगलांबीच्या: ४ मेगाहर्ट्झसाठी १८ मीटर, ८ साठी ९, १२ साठी ६, १६ साठी साडेचार. एकूण तांबं किती? चटईएवढंही नाही. लोखंडाची किंवा अॅल्युमिनियमची बोट असेल तर हेही करू नका, ट्यूनर थेट बोटीच्या धातूच्या अंगाला जोडा आणि आम्हा फायबरवाल्यांवर हसा.

खरं दुखणं निराळंच असतं, आणि मेसेजमध्ये त्याचं नावही नाही: खरखर. तुम्हाला कोणी ऐकत नाही यापेक्षा तुम्हीच कोणाला ऐकत नाही हे जास्त वेळा घडतं. एका मित्राने सेट 'बिघडलाय' म्हणून मला बोलावलं. ८ मेगाहर्ट्झवर लावला तर माश्या घोंगावल्यासारखा आवाज. मी पॅनेलवरचे स्विच एकेक करून बंद करत गेलो. फ्रिज बंद, थोडा फरक. केबिनमधले एलईडी दिवे बंद, आणखी थोडा. सोलरच्या चार्ज कंट्रोलरची वायर काढली आणि एकदम शांतता. त्या शांततेत कुठलीतरी बाई अनोळखी भाषेत हवामान वाचत होती. मित्र दोन वर्षं ज्याला मेलेला समजत होता तो रेडिओ ठणठणीत होता. कंट्रोलरच्या दोन्ही बाजूंच्या वायरी फेराइटच्या, म्हणजे नको त्या लहरी अडवणाऱ्या, कड्यांतून पाच-सहा वेळा फिरवल्या, प्रश्न बराचसा मिटला.

त्याच बोटीवर दुसरी गंमत होती. बोलायचं बटण दाबलं की ऑटोपायलट बोट वीस अंश डावीकडे वळवायचा. भूतबाधा नाही, अँटेनाकडे जाणारी वीज कंपासच्या वायरीत शिरत होती. तिथेही फेराइट. आणि मीटर लावून मित्राला माइकमध्ये लांब शीळ घालायला सांगितली तर सेटच्या पाठीवरचा व्होल्टेज १२.८ वरून १०.९ वर आला. बोलताना हा सेट तीस अँपिअरपर्यंत ओढतो. बॅटरीपासून पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर वायर. ६ चौरस मिलिमीटरची असेल तर जवळपास एक व्होल्ट वायरच खाते, बाकीचा गंजलेल्या जोडांत जातो. १६ चौरस मिलिमीटरची टाकली, फ्यूज बॅटरीजवळ बसवला, अँटेनाच्या केबलचा पीएल-२५९ कनेक्टर उघडला तर टेपखाली हिरवी बुरशी, तोही बदलला. हे काम ज्याने आधी केलं होतं त्याने बिल मात्र व्यवस्थित लावलं होतं.

चौथा मुद्दा: बॅकस्टे कापून इन्सुलेटर घातला की डोलकाठी धोक्यात. तारेत दोन इन्सुलेटर घातले म्हणजे चार जोड वाढले, ते दरवर्षी भिंगातून पाहावे लागतात, हे मान्य. धास्ती वाटत असेल तर तार कापूच नका. वेगळी वायर दोरीला बांधून डोलकाठीच्या टोकाला चढवा, किंवा मागे सात मीटरची काठी-अँटेना उभी करा. लांबी तेवढी जपा: निम्म्या तरंगलांबीएवढी तार ट्यूनरला पचत नाही, म्हणजे १२ मेगाहर्ट्झवर बोलायचं तर १२ मीटर टाळा, १६ वर बोलायचं तर ९ टाळा. मी ११ ठेवली आहे. आणि खालचा इन्सुलेटर डोक्याच्या वर हवा. बोलणं चालू असताना त्या तारेला हात लागला तर भाजतं, आणि आत भाजतं.

बॅटरीचा मुद्दा तर लेखकाने हिशेब न करताच लिहिलाय. दिवसाला दोन तास ऐकणं आणि दहा मिनिटं बोलणं धरा. ऐकताना दोन-तीन अँपिअर, बोलताना सरासरी दहा-बारा, कारण शब्दांच्या मध्ये सेट जवळजवळ काहीच ओढत नाही. झाले सहा ते आठ अँपिअर-तास. ज्या इंटरनेटच्या थाळीचं मेसेजमध्ये कौतुक आहे ती मोठ्या आकाराची असेल तर निदान ५० ते ७५ वॉट खाते; दिवसभर चालू ठेवली तर बारा व्होल्टवर शंभर ते दीडशे अँपिअर-तास. कोण पितंय बॅटरी?

हॅमच्या सेटबद्दल एवढंच. हॅमचा छंद उत्तम आहे, परीक्षा द्या, परवाना काढा, १४.३०० मेगाहर्ट्झवर समुद्रातले हॅम भेटतात आणि माणसं भली असतात. पण सेट आतून 'उघडून' सागरी बँडवर वापरणं बेकायदा आहे, त्याला डीएससी नसतो, लाल बटण नसतं. संकटात नियम कोणी पाहत नाही हे खरं. पण ते बटण लागतं संकटातच.

राहिला अभिलाष टॉमी. २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने त्याची 'थुरिया' उलटवली, डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला जबर मार बसला. अंथरुणातून उठता येत नसताना त्याने उपग्रहावरच्या संदेशयंत्रावर मजकूर टाइप केला, आणि २४ तारखेला 'ऑसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्याला उचललं. मेसेज म्हणतो, 'रेडिओने नाही, सॅटेलाईटने वाचवलं.' शंभर टक्के खरं. डोलकाठी गेली की बॅकस्टे जाते, बॅकस्टे गेली की अँटेना जाते. म्हणून ४०६ मेगाहर्ट्झचं ईपर्ब, म्हणजे उपग्रहामार्फत संकटाची खबर देणारं यंत्र, बोटीवर असलंच पाहिजे, कायद्यात बसणारं संदेशयंत्रही असावं. गोव्यात बांधलेली 'थुरिया' ज्या 'सुहेली'वरून घडवली ती मुंबईत बांधलेली. तिच्यातूनच रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने एकट्याने, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा केली. १९६८ मध्ये त्याचा रेडिओ वाटेतच बंद पडला आणि पुढे कित्येक महिने तो जिवंत आहे की नाही हेच कोणाला ठाऊक नव्हतं. यंत्रं बंद पडतात. त्यावर उतारा दुसरं यंत्र ठेवणं हा आहे, पहिलं फेकणं नव्हे.

डोलकाठी पडली तरी ट्यूनर लॉकरमध्ये शाबूत असतो. त्याच्या शेजारी मी ११ मीटर वायरचं भेंडोळं ठेवलंय, एका टोकाला जीटीओ-१५ या जाड आवरणाच्या वायरचा तुकडा, दुसऱ्या टोकाला नायलॉनची दोरी. गेल्या मे महिन्यात, शिडं उतरवलेली असताना, ते खरंच चालतं का ते पाहिलं. बॅकस्टे सोडवून ठेवली, वायर बोटीच्या आकड्याच्या काठीला बांधून मागच्या कठड्यावर गुढीसारखी उभी केली, उरलेली पुढे नाळेपर्यंत ताणली. ट्यूनर पाच-सात सेकंद खडखडला. ८ मेगाहर्ट्झवर कोचीतल्या बोटीवरच्या मित्राला हाक मारली. तो म्हणाला, 'आवाज बारीक आहे रे, विहिरीतून आल्यासारखा. पण शब्द न शब्द कळतोय.'