‘दोन तारांचं काम’ म्हणून जुन्या गाडीला इलेक्ट्रिक पंखा लावू नका

जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक मजकूर फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी ‘करून बघू का?’ असं विचारत. मजकूर थोडक्यात असा: “पद्मिनी असो की ॲम्बॅसेडर, इलेक्ट्रिक पंखा बसवणं हे दोन तारांचं, अर्ध्या तासाचं काम आहे. मारुती 800 चा पंखा भंगारातून आणा. पट्ट्यावरचा पंखा काढून टाका, तो 10 हॉर्सपॉवर खातो. प्लस इग्निशनवरून घ्या, मायनस बॉडीला कुठेही द्या, डॅशबोर्डवर एक बटण लावा. रिले आणि थर्मोस्विच ही बिल वाढवायची कामं आहेत. फ्यूज उडत असेल तर मोठा टाका.” (पंखा म्हणजे इथे रेडिएटरचा, इंजिन थंड ठेवणारा. पट्ट्यावरचा म्हणजे इंजिनच्या पट्ट्याने फिरणारा मूळ पंखा. रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, आणि थर्मोस्विच म्हणजे इंजिन तापलं की आपोआप लागणारा स्विच.)

आधीच सांगतो, इलेक्ट्रिक पंख्याला माझा विरोध नाही. माझ्या पद्मिनीला तो आहे, आणि भर उन्हात घाटात किंवा सिग्नलला गाडी उभी असताना तो किती उपयोगी पडतो ते मी रोज बघतो. भांडण आहे ते वायरिंगच्या या सल्ल्याशी. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डी बनू लागली, पुढे तिचीच पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. आता ज्या उरल्या आहेत त्या लोकांनी घरात जपलेल्या. त्यातली एकसुद्धा बॉनेटखाली जळावी असं मला वाटत नाही.

सगळ्यात धोक्याचा सल्ला रिले न लावण्याचा. मारुतीच्या मापाचा पंखा चालताना साधारण 8 ते 12 अँपिअर करंट घेतो आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या दुपटी-तिपटीने. आता हा करंट इग्निशन स्विचमधून न्यायचा म्हणजे काय होतं बघा. बॅटरीपासून स्विचपर्यंत आणि तिथून परत पुढे रेडिएटरपर्यंत सहज चार मीटर वायर होते. ती 1 चौरस मिलिमीटरची असेल तर 12 अँपिअरला तिथेच जवळपास 0.85 व्होल्ट खर्ची पडतात. त्यात स्विचचे कॉन्टॅक्ट पन्नास वर्षांचे, काळवंडलेले. त्यांचा रोध फक्त 0.1 ओहम धरला तरी आणखी 1.2 व्होल्ट गेले. ते नुसते जात नाहीत, त्यांची उष्णता होते: 14 वॅटपेक्षा जास्त, एका किल्लीच्या स्विचच्या पोटात. सोल्डर करायची लहान आयर्न 25 वॅटची असते. म्हणजे अर्धी आयर्न डॅशबोर्डमागे सतत चालू ठेवल्यासारखं झालं, आणि शेजारून जाणाऱ्या वायरींचं आवरण वयाने कडक होऊन वाकवलं की तडकणारं. शिवाय पंख्यापर्यंत दोन व्होल्ट कमी पोचल्यावर तो मंद फिरतो, गाडी तापतच राहते आणि मालक म्हणतो, ‘इलेक्ट्रिक पंख्यात दम नाही.’ दम त्याला मिळालेलाच नसतो.

दुसरं कारण मी स्वतः अनुभवलंय. पहिल्यांदा एका गॅरेजमध्ये पंखा बसवला तेव्हा तो थेट इग्निशनच्या वायरवर जोडला गेला. घरी येऊन किल्ली फिरवली, काढून हातात घेतली, तरी इंजिन पुढे दोन-तीन सेकंद चालूच. मी घाबरलो. कारण साधं होतं. करंट तोडल्यावरही पंखा गतीमुळे फिरत राहतो, आणि फिरणारी मोटर स्वतःच डायनामो होते. तिने तयार केलेली वीज त्याच वायरने उलटी इग्निशन कॉइलला मिळत होती.

या दोन्हींवर उपाय एकच, तो साधा चार पायांचा रिले. 30 नंबरच्या पायाला बॅटरीच्या प्लसवरून फ्यूजमधून आलेली जाड वायर, 87 वरून पंख्याला. 86 ला इग्निशन चालू असताना मिळणारा करंट, 85 थर्मोस्विचमधून अर्थला, म्हणजे बॅटरीचं जे टोक बॉडीला जोडलेलं असतं त्याला. रिलेच्या कॉइलला लागतात 150 ते 200 मिलिअँपिअर, म्हणजे इग्निशन स्विचला पंखा आहे हे कळतही नाही. पंख्याच्या बाजूला 2.5 चौरस मिलिमीटरची वायर पुरते. रिले हे या सगळ्या कामातल्या सर्वांत स्वस्त सुट्या भागांपैकी एक आहे. त्याला ‘बिल वाढवणं’ म्हणणाऱ्याने रिलेची किंमत विचारलेली नसावी.

‘फ्यूज उडत असेल तर मोठा टाका’ यावर फार लिहायची गरज नाही, पण लिहिलंच पाहिजे. फ्यूज पंख्याला वाचवण्यासाठी नसतो, वायरीला वाचवण्यासाठी असतो. फियाटच्या जुन्या पेटीतले चिनी मातीचे फ्यूज पांढरे असतील तर 8 अँपिअरचे, लाल असतील तर 16 चे. पांढऱ्याच्या जागी लाल घातला, पण मागची वायर तीच राहिली, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर वितळेल. पंख्याला त्या पेटीतून काही घेऊच नका. स्वतंत्र 20 अँपिअरचा फ्यूज, बॅटरीपासून वीतभर अंतरात. तो दूर रेडिएटरजवळ लावला तर मधल्या सगळ्या वायरीला फ्यूजचं संरक्षण राहिलं नाही, आणि पत्र्याच्या भोकातून जाताना नेमकी तीच घासली जाते. भोकाला रबरी ग्रोमेट (कडेवर बसणारी रबरी कडी) हवाच.

‘मायनस बॉडीला कुठेही’ यातलं ‘कुठेही’ चूक आहे. रंगावर, गंजावर स्क्रू आवळला तर अर्थ मिळतो पण अर्धवट, आणि वर सांगितलेलं व्होल्टचं नुकसान आता दुसऱ्या टोकाला होतं. रंग खरवडून, वायरीच्या टोकाला रिंग लग (धातूची कडी) क्रिम्प करून, म्हणजे दाबून घट्ट बसवून, बोल्टखाली घ्या. सगळ्यात चांगलं म्हणजे परतीची वायर इंजिन-बॅटरीच्या मुख्य अर्थच्या बोल्टवर न्या. आणि ब्रिटिश घडणीची जुनी गाडी असेल तर आधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते बघा. त्यातल्या अनेकांत प्लस अर्थ होता. तिथे लाल-काळ्या वायरी नेहमीसारख्या जोडल्या की मोटर उलटी फिरते. पंखा वारा बाहेर फेकतो, चालत्या गाडीत समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झुंजतो, आणि आवाज मात्र नेहमीसारखाच येतो. जाळीसमोर एक कागद धरून बघायला दहा सेकंद लागतात.

बटणाबद्दल. काट्याकडे बघून आपण बटण दाबू, असं सगळ्यांना वाटतं. पहिले पंधरा दिवस दाबतोही. मग एके दिवशी पाऊस, ट्रॅफिक, मागच्या सीटवर आजारी माणूस, आणि काटा लालमध्ये गेल्यावर आठवण येते. तोवर हेड गॅस्केटचं काम निघालेलं असू शकतं. थर्मोस्विच विसरत नाही. साधारण 92 अंशांना चालू, 87 ला बंद, असा घ्या. पद्मिनीच्या जुन्या रेडिएटरला त्याच्यासाठी आट्याचं भोक नसतं, म्हणून होजमध्ये (पाण्याच्या रबरी नळीत) धातूचा अडॅप्टर घालून त्यात स्विच बसवतात. इथे बरेच जण फसतात: अडॅप्टरच्या दोन्ही बाजूंना रबर आहे, त्यामुळे एका टोकाच्या स्विचला अर्थच मिळत नाही आणि पंखा कधीच लागत नाही. अडॅप्टरला वेगळी अर्थ वायर द्या किंवा दोन टोकांचा स्विच वापरा.

बटण हवंच असेल तर थर्मोस्विचला समांतर लावा, म्हणजे त्यातूनही फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जाईल. आणि मुंबईत राहत असाल तर आणखी एक, पंखा पूर्ण बंद करणारं बटण खरोखर कामाचं आहे. हिंदमाताला गुडघाभर पाणी साचलंय, आत शिरताना नेमका पंखा लागला, तर पाती पाण्यात अडकतात आणि अडकलेली मोटर चालू मोटरच्या कित्येक पट करंट ओढते. त्या क्षणी योग्य मापाचा फ्यूज नसेल तर पुढे काय होईल ते वर लिहिलंच आहे.

10 हॉर्सपॉवरचा हिशोब मला सगळ्यात जास्त खटकला, कारण तो कोणीही करून बघू शकतो. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन जेमतेम 40 हॉर्सपॉवरच्या आसपासचं. पंखा 10 खात असता तर गाडी घाट चढलीच नसती. पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते: वेग निम्मा, तर ताकद आठवा हिस्सा. म्हणून सिग्नलला तो जवळजवळ काहीच खात नाही. हायवेवर, इंजिन जोरात फिरत असताना, तो उगाच फिरतो, कारण तेव्हा समोरचा वारा पुरेसा असतो. तिथे बचत खरी आहे, पण ती थोडीच. आणि इलेक्ट्रिक पंखाही फुकट चालत नाही. त्याचे 150 वॅट बनवायला अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) इंजिनकडून त्याच्या दुपटीच्या जवळपास घेतो, म्हणजे 0.4 हॉर्सपॉवर.

‘पद्मिनी असो की ॲम्बॅसेडर’ याचं उत्तर गाडीत वीज बनवायला जुन्या पद्धतीचा डायनामो आहे की अल्टरनेटर, यावर ठरतं, आणि त्या मजकुरात या दोन्हींचा उल्लेखच नाही. लुकासचा सी-40 डायनामो पूर्ण वेगात 22 अँपिअर देतो. रात्री पावसात चाललात तर हेडलाइट 9, मागचे-बाजूचे दिवे 2, वायपर 3, इग्निशन 3-4. सतरा-अठरा अँपिअर आधीच खर्च झाले. त्यावर पंख्याचे 12. त्यातही इंजिन संथ चालत असताना डायनामो काही देतच नाही, कटआउट (डायनामोला बॅटरीशी जोडणारा स्विच) उघडतो आणि सगळं बॅटरीवर येतं. पंखा लागतो तो नेमका तेव्हाच, उभ्या ट्रॅफिकमध्ये. ट्रॅफिक लांबलं की बॅटरी बसेल, आणि रिले कितीही नीट लावलेला असला तरी बसेल. डायनामोची गाडी असेल तर आधी अल्टरनेटर, मग पंखा. ते जमत नसेल तर पट्ट्यावरचा पंखा ठेवा, आणि तोच पैसा रेडिएटर उघडून साफ करण्यात घाला. बोअरच्या पाण्याने वर्षानुवर्षं क्षार साचलेला रेडिएटर कुठल्याच पंख्याने थंड होत नाही. तापणाऱ्या जुन्या गाड्यांत मी बहुतेक वेळा दोष तिथेच पाहिलाय.

राहिला अर्धा तास. मला दुसऱ्यांदा हे काम करताना दीड दिवस लागला. त्यात पंख्यासाठी पट्टीची चौकट बनवणंही आलं, कारण प्लास्टिकचे टाय रेडिएटरच्या जाळीतून ओवून पंखा टांगला तर थरथरीने नळ्या घासून गळती लागते. शेवटची वीस मिनिटं मल्टिमीटर घेऊन गेली: रात्री, इंजिन चालू, हेडलाइट लावलेले, पंखा फिरत असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं पंख्याच्या प्लसवर. मग तेच मायनसच्या बाजूला. दोन्हीकडे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर वायरिंग झालं. जास्त आला तर एकेक जोड सोडत मागे या, आकडा जिथे उडी मारतो तिथला लग पुन्हा क्रिम्प करा.