वेताळाला सुळे लागले नसते?

खांद्यावरून पुस्तकात डोकावणं मी समजू शकतो. पण "उलटा की पान, माझं झालंय" हे जरा अतीच झालं.

कर्वे रस्त्यावरची कोंडी, डेक्कनकडे रांगणारी बस आणि मांडीवर पेशवाईतल्या एका कारकुनाची अद्भुत कादंबरी. पोराला कैदेतून सोडवायला तो दफ्तरातली पत्रं फोडतो. निरोप्या कोण, तर वेताळ टेकडीवरचा वेताळ! दर खेपेला तो कारकुनाची एक आठवण घेतो. बायकोचं नाव कालच गेलं.

शेजारच्या काकांची वेताळाला हरकत नव्हती. हरकत दरवाजाला होती.

"शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून घुसला म्हणे! अहो, हत्तीनं धडक देऊ नये म्हणून त्या दाराला सुळे ठोकलेत. याला लागले नसते?"

"काका, वेताळ आहे तो."

"असेल. पण टेकडी पश्चिमेला, दार उत्तरेला. वळसा घालून कशाला येईल? बरं ते जाऊ दे. हा कारकून चांगला की वाईट, ते सांगा."

"राघोबादादांचं काय ठरवलंत? 1758 मध्ये फौज लाहोरला नेली म्हणून आपण अजून मिशीला पीळ देतो. 1773 मध्ये पुतण्याचा खून झाला, तेव्हा रामशास्त्र्यांनी त्यांनाच देहान्त प्रायश्चित्त सांगितलं."

"ते वेगळं. तो इतिहास आहे."

यावर काय बोलणार? अशा कादंबरीत जादूला दाम मोजावाच लागतो. वेताळ फुकट राबला तर कारकुनाला पेच कसला? मेलेल्याला उठवणारा मंत्र मधेच निघाला, की आधीचे सगळे खून पाण्यात. नावं फार असतात म्हणून मागच्या कोऱ्या पानावर कोण कोणाचा कोण ते पेन्सिलीनं लिहावं. सुरुवातीची पात्रांची यादी मात्र वाचू नये. नावापुढे कंसात 'पुढे फितूर' छापणारे महाभाग असतात.

आणि शेजारी काका असतात. "बघू" म्हणत त्यांनी पुस्तक घेतलं, बोटाला थुंकी लावली, थेट शेवटचं प्रकरण काढलं.

"गेला हो तुमचा कारकून. वेताळच नेतो. उगाच जागू नका."

आणि डेक्कनला उतरले. वर "संभाळून" म्हणाले!

आता उरलेल्या पानांत तो पोराशी खोटं बोलला, मित्राला अडकवलं, तरी मला नुसती दया येते. मला त्याचा राग यायला हवा होता, मग रागाची लाज वाटायला हवी होती. 380 रुपयांत तेही धरलेलं होतं.