‘कळलं ना?’ या प्रश्नाला उत्तर कायम ‘हो’च येते

माझ्या मावशीने तीस वर्षे शाळेत शिकवले. तिचे अक्षर आजही छापल्यासारखे येते आणि वर्तमानपत्रातील शुद्धलेखनाच्या चुका ती अजूनही लाल पेनाने गोल करून ठेवते. गेल्या वर्षी तिला दम लागण्याच्या त्रासावर कॅप्सूल आणि ती ज्यात घालून आतली पूड श्वासाबरोबर ओढायची ते हातात मावणारे यंत्र, असे दोन्ही देण्यात आले. पुढचे तीन आठवडे ती रोज एक कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होती. यंत्र खोक्यातच राहिले, कारण ते ‘फारच त्रास झाला तर’ वापरायचे असते, अशी तिची समजूत झाली होती. धाप काही कमी होईना म्हणून ती पुन्हा दाखवायला गेली, तेव्हा औषध बदलायचेच ठरत होते. तेवढ्यात तिथल्या नर्सबाईंनी “मावशी, तुम्ही ही घेता कशी, ते जरा दाखवा बरं,” असे म्हटले आणि सगळा उलगडा झाला.

ही चूक काही जगावेगळी नाही. ओढायच्या कॅप्सूल रुग्ण गिळत आहेत, अशा तक्रारी इतक्या जमा झाल्या की अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २००८ मध्ये त्याबद्दल जाहीर सूचना काढावी लागली. कॅप्सूल म्हटली की ती गिळायची, हे आपण लहानपणापासून शिकलेलो असतो. त्यामुळे ‘ही गिळायची नाही’ हे वेगळे आणि ठसवून सांगितले नाही, तर हात आपोआप पाण्याच्या पेल्याकडे जातो. घरी आल्यावर मावशी मात्र एवढेच म्हणाली, “माझंच चुकलं, मी विचारायला हवं होतं.” मला खटकते ते हे वाक्य. सांगणाऱ्याने अर्धवट सांगितले आणि अपराधी ऐकणारी ठरली.

मी हे लांब उभे राहून बोलत नाही. रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकांचे मराठी भाषांतर हा माझा व्यवसाय आहे आणि मावशीच्या प्रसंगानंतर मी माझे एक जुने पत्रक शोधून काढले. त्यात मीच लिहिले होते: ‘सदर कॅप्सूल मुखावाटे सेवन करू नये, केवळ श्वसनमार्गाने, उपकरणाच्या साहाय्याने घ्यावी.’ व्याकरण चोख आहे, मावशीने त्यावर लाल पेन उचलले नसते. पण ते यंत्र तोंडातच धरायचे असते! ‘मुखावाटे नको’ असे वाचून यंत्र तोंडाला लावणारा माणूस गोंधळणार नाही तर काय होईल? मूळ इंग्रजी मजकुराशी इमान राखण्याच्या नादात मी वाचणाऱ्याच्या हातात काय आहे, याचा विचारच केला नव्हता.

आरोग्य साक्षरता म्हणजे नुसते लिहिता-वाचता येणे नव्हे, तर आरोग्याची माहिती समजून ती वापरता येणे, हे वारंवार सांगितले जाते. पण त्याचा अर्थ फार थोड्यांच्या मनात उतरलेला दिसतो. अमेरिकेतील तीन दवाखान्यांमधील ३९५ रुग्णांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘दोन गोळ्या दिवसातून दोनदा’ अशी सूचना असलेले लेबल त्यांना दाखवले होते. कमी वाचनक्षमता असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी ती सूचना बिनचूक सांगितली. मात्र दिवसभरात किती गोळ्या घ्याल ते मोजून दाखवा, असे म्हटल्यावर त्यांतील फक्त ३५ टक्के लोकांनी चार गोळ्या मोजल्या. म्हणजे शब्द पाठ झाले होते, हाताला मात्र काहीच कळले नव्हते. वाक्य म्हणून दाखवणे आणि तसे वागता येणे यांतली ही दरी ‘कळलं ना?’ विचारून कधीच दिसणार नाही. त्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायचे तर आधी स्वतःला अडाणी म्हणवून घ्यावे लागते, समोरचा घाईत आहे हे दिसत असताना त्याला थांबवावे लागते आणि मागे रांगेत बसलेल्यांच्या नजरा झेलाव्या लागतात. एवढे धाडस आजारी माणसाकडून का अपेक्षायचे?

नर्सबाईंनी केले ते साधे होते आणि त्याला शास्त्रात ‘टीच-बॅक’ असे नाव आहे: सांगून झाल्यावर रुग्णाकडून तेच त्याच्या शब्दांत ऐकायचे किंवा करून पाहायचे. ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, घरी गेल्यावर हे तुम्ही कसं घ्याल?’ असे विचारले की परीक्षा सांगणाऱ्याची होते. (हाच प्रश्न पर्यवेक्षकाच्या सुरात विचारला तर पुन्हा रुग्णाचीच तोंडी परीक्षा होते, हेही खरे.) वेळ कुठे आहे, हा यावरचा नेहमीचा आक्षेप आणि तो खोटा नाही. पण मधुमेहाच्या रुग्णांच्या ६१ भेटी ध्वनिमुद्रित करून केलेल्या २००३ च्या एका अभ्यासात जे दिसले, ते मला महत्त्वाचे वाटते. त्यांपैकी केवळ १२ भेटींत डॉक्टरांनी रुग्णाला काय समजले ते पडताळले होते आणि त्या भेटी इतरांपेक्षा लांबल्या नव्हत्या. मावशीच्या बाबतीत तर तीन आठवडे आणि एक जादा फेरी वाया गेली.

आता शब्दांकडे. इंग्रजी संज्ञा कठीण म्हणून आपण संस्कृत संज्ञा आणतो आणि काम झाले असे मानतो. ‘मधुमेहजन्य मूत्रपिंडविकार’ हे ‘नेफ्रोपॅथी’पेक्षा मराठी असेल, सोपे नक्कीच नाही, ‘डायबेटिसमुळे किडनीचं काम कमी झालंय’ हे वाक्य लोक घरात जसे बोलतात तसे आहे. माझ्या व्यवसायबंधूंना यात भाषेचा पराभव दिसतो, मला दिसत नाही. गंमत म्हणजे खरा घोळ अवघड शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांत होतो. ‘उद्या उपाशीपोटी या’ म्हटल्यावर पाणी चालते का, चहा चालतो का, सकाळची ब्लडप्रेशरची गोळी घ्यायची की नाही, यातले काहीच सांगितलेले नसते. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ हे ऐकून हसणारा नातेवाईक मी स्वतः पाहिला आहे.

आकड्यांचेही तेच. ब्रिटनमध्ये १९९५ साली विशिष्ट गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो, असा इशारा दिला गेला आणि धास्तावलेल्या अनेक स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. ती दुप्पट होती सुमारे ७,००० स्त्रियांमागे एकीवरून दोघींवर. ‘दुप्पट’ हा शब्द खोटा नव्हता, फक्त कशाची दुप्पट ते सांगायचे राहिले होते.

सर्वसमावेशक संवाद म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रॅम्प आणि ब्रेल येतात. ते हवेच, पण त्याआधी बोलणाऱ्याची नजर कुठे आहे ते पाहावे. चाकाच्या खुर्चीतील किंवा कमी ऐकू येणाऱ्या माणसाला ओलांडून सोबत आलेल्याला ‘यांना काय होतंय?’ असे विचारले जाते. ओठ वाचणाऱ्यासमोर मास्क लावून, मान खाली घालून बोलले जाते. दुसरी भाषा बोलणाऱ्या आईचे निदान तिच्या दहा वर्षांच्या मुलीकडून वदवून घेतले जाते, आणि त्या मुलीने त्यातले काय गाळले, हे कोणालाच कळत नाही. फ्लोरिडात १९८० मध्ये एका अठरा वर्षांच्या मुलाच्या घरच्यांनी ‘इंतोक्सिकादो’ हा स्पॅनिश शब्द वापरला. खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले असावे, असे त्यांना म्हणायचे होते. डॉक्टरांनी त्याचा अर्थ अमली पदार्थांचा अतिरेक असा घेतला, मेंदूतील रक्तस्राव वेळेत लक्षात आला नाही आणि त्याचे दोन्ही हात-पाय कायमचे लुळे पडले. तिथे प्रशिक्षित दुभाषा नव्हता. दोन्ही बाजूंना मात्र आपल्याला समजले आहे, असेच वाटत होते.

मी ते जुने पत्रक पुन्हा लिहिले. ‘ही कॅप्सूल गिळू नका. यंत्रात ठेवा. बटण दाबून तिला भोक पाडा. यंत्र तोंडात धरून जोरात श्वास आत ओढा.’ शेजारी चार चित्रे काढून घेतली, अक्षर मोठे केले आणि पूर्वी कधीच केले नव्हते ते केले: छापायला देण्याआधी तिघांच्या हातात पत्रक, यंत्र आणि रिकाम्या कॅप्सूल देऊन गप्प बसलो. मावशीला सगळे जमले. दुसऱ्या गृहस्थांनी बटण दाबायच्या आधीच श्वास ओढला, कारण चित्रांचे क्रमांक मी फार बारीक टाकले होते. तिसऱ्या बाईंनी सगळे बरोबर केले आणि विचारले, “आता ही वापरलेली कॅप्सूल टाकून द्यायची, की उद्या पुन्हा हीच?” पत्रकात त्याबद्दल एक अक्षर नव्हते. पाचवे चित्र आता काढायला दिले आहे.