‘लग्नाची नोंद जिथे, घटस्फोट तिथेच’ हे चुकीचं आहे

फॅमिली ग्रुपवर एक मजकूर सतत फिरतो: लग्न ज्या राज्यात नोंदवलं तिथेच घटस्फोटाचा अर्ज करावा लागतो, राज्य बदललं की कायदा बदलतो, आणि नोंदच नसेल तर घटस्फोटाची गरज नाही. या तिन्ही गोष्टी चूक आहेत. पहिलीवर विश्वास ठेवून माहेरी परतलेल्या कित्येक जणी दाखल करता येणारा अर्ज दाखलच करत नाहीत, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर.

हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 19 मध्ये नोंदणी कार्यालयाचा उल्लेखही नाही. लग्न लागलं ते ठिकाण, समोरचा पक्ष राहतो ते, किंवा दोघं शेवटचं एकत्र राहिले ते, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या न्यायालयात अर्ज चालतो. 2003 च्या दुरुस्तीने पत्नीला आणखी एक पर्याय मिळाला: अर्जाच्या दिवशी ती जिथे राहते ते ठिकाण. लग्न कोल्हापूरला, संसार बेंगळुरूला आणि आता ती नाशिकला भावाकडे असेल, तर ती थेट नाशिकला अर्ज करू शकते. पतीला कोल्हापूर, बेंगळुरू आणि ती राहते म्हणून नाशिक, असे तीन पर्याय आहेत.

घोळ होतो तो पत्त्यावरून. आधार, बँक, गॅस सगळीकडे बेंगळुरूचाच पत्ता असतो आणि समोरचा वकील पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राची हरकत घेतो. अर्जाआधी नाशिकच्या वास्तव्याचे कागद जमवा: बदललेला पत्ता, भाडेकरार, मुलाच्या शाळेचा दाखला.

दोघांनी दोन शहरांत अर्ज केले, तर कलम 21अ नुसार नंतरचा अर्ज आधीच्या न्यायालयाकडे जातो. म्हणजे उशीर केला की ठिकाण समोरचा ठरवतो. तरीही मार्ग बंद होत नाही. दुसऱ्या राज्यातला खटला आपल्याकडे आणण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 25 खाली सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं. बेंगळुरूच्या खटल्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला तर वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

राज्य बदललं म्हणून कायदा बदलत नाही. पुण्याचं हिंदू जोडपं इंदूरला गेलं तरी घटस्फोटाची कारणं, परस्परसंमतीसाठी किमान एक वर्ष वेगळं राहण्याची अट, सगळं तेच राहतं. अपवाद मात्र खरे आहेत. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचे कौटुंबिक कायदे आहेत. तिथे विवाह निबंधकासमोर दोनदा सह्या कराव्या लागतात, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पतीपत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. गोव्याच्या घरात लग्न ठरत असेल तर हा करार आधीच बोलून घ्या, नंतर तो करता येत नाही. उत्तराखंडात 27 जानेवारी 2025 पासून समान नागरी संहिता लागू आहे आणि ती तिथल्या रहिवाशांना राज्याबाहेरही लागू होते.

नोंद नसलेलं लग्नही लग्नच असतं. हिंदू विवाह कायद्याचं कलम 8 तसं स्पष्ट सांगतं. विधी झालेले असतील तर घटस्फोटाशिवाय केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरतं, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. प्रमाणपत्र नसताना लग्न सिद्ध करायला पत्रिका, सप्तपदीचे फोटो आणि हजर असलेल्यांची साक्ष उपयोगी पडते.