जिमखाना आणि विद्यार्थी डीन, दोघांची वही एकच हवी

सोलापुरात पावसाळा लागला की कॉलेजच्या मैदानावर फक्की पडते, आणि तिथपासून जानेवारीतल्या गड्डा यात्रेपर्यंत जिमखान्याच्या माणसाला फुरसत नसते. ख्रिस्ती संस्थेच्या कॉलेजात याच काळात विद्यार्थी डीनचं टेबलही तेवढंच भरलेलं असतं: वसतिगृह, हजेरी, थकलेली फी, घरून आलेले फोन. दोघं एकाच पोरासाठी राबतात, पण वह्या वेगळ्या. माझं ठाम मत आहे की खेळाडूची नोंद एकाच वहीत असावी आणि दर सोमवारी दोघांनी ती समोरासमोर बसून उघडावी.

वहीत काय हवं? वर्ग, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), खोली नंबर, जन्मतारीख, बारावी पास झाल्याचं वर्ष, मागच्या परीक्षेचा निकाल, दुखापत, हुकलेली चाचणी, घरचा फोन. पात्रता फॉर्म अडकतो तो बहुतेक वेळा नावावर. आपल्याकडच्या तेलुगू आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग बारावीच्या गुणपत्रिकेवर एक आणि आधारवर दुसरं. कुठे डबल एल, कुठे एकच. ही तपासणी प्रवेशाच्या वेळी डीनच्या ऑफिसात पाच मिनिटांत होते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मात्र दुरुस्तीला वेळच उरत नाही आणि वर्षभर घाम गाळलेली मुलगी घरी बसते.

चाचणीचंही तसंच. फेरचाचणीची तारीख संघ निघण्यापूर्वी, ड्यूटी लीव्हच्या (स्पर्धेसाठीच्या रजेच्या) अर्जावरच विषयशिक्षकाच्या सहीनं लिहून घ्यावी. परत आल्यावर बघू म्हटलं की तोवर गुण भरून झालेले असतात.

आता मेस. सराव सकाळी ६ ला, तास साडेसातला आणि नाश्ता साडेआठला, असं असेल तर पोरगं मैदानावरून उपाशीच वर्गात जातं. अकरा वाजता डोळ्यांपुढे अंधारी आली की आपण म्हणतो, स्टॅमिना नाही. रेक्टरकडे खेळाडूंची यादी असेल तर रात्रीच भिजवलेले हरभरे आणि दोन केळी काढून ठेवता येतात. बाहेरगावी कडक भाकरी आणि शेंगाचटणीइतकं भरवशाचं काही नाही. ना नासत, ना पोट बिघडवत. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण १ लिटर पाण्यातच कालवावी. पेलाभर पाण्यात अर्धी पुडी टाकली तर मिठाचं प्रमाण वाढून उलट त्रास होतो.

दुखापत तर हमखास लपवली जाते, कारण निवड जाण्याची भीती. खो-खोत खांबावर वळताना घोटा मुरगळलेला मुलगा मैदानात क्रेप बँडेज घट्ट आवळून उभा राहतो. तोच रात्री वसतिगृहाच्या जिन्यावरून कठडा धरून एकेक पायरी उतरतो. हे रेक्टरला दिसतं, प्रशिक्षकाला नाही. ती एक ओळ वहीत आली तर पुढचे तीन आठवडे वाचतात.

रविवारच्या उपासनेचा प्रश्न दरवर्षी येतो. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये श्रद्धाळू ख्रिस्ती धावपटू एरिक लिडेल १०० मीटर धावला नाही, कारण प्राथमिक फेरी रविवारी होती. नंतर ४०० मीटरचं सुवर्ण ४७.६ सेकंदांत घेतलं. वेळापत्रक त्याला महिनोन् महिने आधी ठाऊक होतं, म्हणून तयारी बदलता आली. आपणही भाग्यपत्रिका (सामन्यांचा ड्रॉ) पडण्याआधीच आयोजकांना लेखी कळवावं. नंतर विनंती केली तर बाद पद्धतीच्या स्पर्धेत समोरच्याला पुढे चाल मिळते. आणि ही काळजी फक्त ख्रिस्ती मुलांपुरती ठेवू नये. रमजानमध्ये रोजा धरणाऱ्याचा जोरकस सराव दुपारी ठेवू नका. संक्रांतीला गड्डा यात्रेत नंदीध्वज उचलणारा पोरगा त्या दिवसांत मैदानावर येणार नाही, हे डिसेंबरातच धरून चला. ख्रिस्ती संस्थेनं दुसऱ्याची श्रद्धा जपली तर रविवारची सुट्टी मागताना तिच्या शब्दाला वजन येतं.

मुलींच्या संघाबरोबर शिक्षिका हवीच, यात चर्चेला जागा नाही. पण परतीचा विचार कमी होतो. गाडी रात्री दोनला सोलापूर स्टेशनात येते, वसतिगृहाचं फाटक दहाला बंद झालेलं असतं आणि वॉचमनकडे यादी नसते. दमलेल्या बारा पोरी किटबॅगा घेऊन फाटकाबाहेर उभ्या राहतात. संघ निघताना नावं, गाडी आणि पोहोचायची वेळ लिहिलेला एक कागद वॉचमनच्या केबिनमध्ये चिकटवायचा, आणि गाडी लेट झाली तर शिक्षिकेनं रेक्टरला फोन करायचा.