परदेशातून : टेडीच्या बाजूचा माणूस

उन्हाळा तापला की नागपुरात हा वाद निघतोच. बर्डीवर नाहीतर धरमपेठेत एखाद्या नव्या दुकानाच्या दाराशी, भर दुपारी, टेडीचा किंवा मिकीचा सूट घालून एक पोरगा हात हलवत उभा असतो. कुणीतरी त्याचा फोटो टाकतं. एक बाजू म्हणते, बंद करा हे, माणूस भाजून काढताय. दुसरी म्हणते, कुणाच्या पोटावर पाय देऊ नका, त्याची कमाई तेवढीच आहे. मग हमखास तिसरा उगवतो : "अमेरिकेत बघा, डिस्नीत कसं शिस्तीत चालतं!" डिस्नी वर्ल्ड फ्लोरिडातच, म्हणून या तिसऱ्याला उत्तर द्यायचं काम आम्हा तिथे राहणाऱ्यांचं. पहिल्या दोघांशीही मला थोडं बोलायचं आहे.

उन्हात काम करणाऱ्याला पाणी, सावली, विश्रांती दिलीच पाहिजे, असा कायदा फ्लोरिडा राज्यात नाही. उलट मायामी-डेड काउंटी, म्हणजे तिथला एक जिल्हा, तसा नियम करू पाहत होती, तर राज्याने २०२४ साली कायदा करून शहरांना आणि काउंट्यांना असे नियम करायलाच मनाई केली. कॅलिफोर्नियात मात्र आहे. तिथे पारा ८० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण २७ अंशांच्या वर गेला की मालकाने सावली उभी करायची. पाणी तासाला माणशी जवळपास एक लिटर, आणि कामगाराला गरज वाटेल तेव्हा अंग थंड करायला किमान पाच मिनिटं. २७ अंश! नागपुरात ती जानेवारीतली दुपार झाली.

म्हणजे डिस्नीतली शिस्त सरकारने घालून दिलेली नाही, आणि कुणाच्या संस्कारातूनही आलेली नाही. ती भांडून आलेली आहे. २००१ पर्यंत डिस्नीच्या ऑर्लँडोच्या, म्हणजे आमच्या फ्लोरिडातल्या पार्कात सूटच्या आत घालायचे अंतर्वस्त्रसुद्धा सामाईक असायचे. रोज जमा करायचे आणि दुसऱ्या दिवशी मिळेल ते घालायचे. त्यातून खरूज आणि उवा पसरल्याच्या तक्रारी झाल्या, टीमस्टर्स युनियनने तो मुद्दा वाटाघाटीच्या टेबलावर ठेवला, तेव्हा कुठे प्रत्येकाला स्वतःचे वेगळे कपडे मिळाले. २००४ मध्ये प्लुटोच्या सूटमधला एक कलाकार परेडच्या चित्ररथाखाली येऊन मेला. कामगार सुरक्षा खात्याने कंपनीला दंड केला ६,३०० डॉलर. २००५ च्या नोंदी आणखी बोलक्या आहेत. सूट घालणारे १,९०० कलाकार आणि वर्षभरातल्या इजा ७७३. त्यातल्या २८२ सूटमुळे, म्हणजे वजन वगैरे कारणांनी. १०७ जणांना नुसत्या मुखवट्याच्या ओझ्याने डोकं, मान किंवा खांद्याला दुखापत झालेली. ४९ जणांना पाहुण्यांनी ढकलून, मारून इजा केलेली. पुढे नियम झाला की सूटचं एकूण वजन घालणाऱ्याच्या वजनाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. आणि इतकं होऊनही डिस्नीलँडच्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमच्या कलाकारांना युनियन मिळाली ती मे २०२४ मध्ये, ९५३ विरुद्ध २५८ मतांनी. पार्क १९५५ चा आहे.

वजनाचा हा २५ टक्क्यांचा हिशोब आपल्याकडे लावून बघा. ५२ किलोच्या पोराला १३ किलोपेक्षा जास्त चालणार नाही. २०१९ च्या जुलैत जपानमध्ये ओसाकाजवळच्या एका पार्कात २८ वर्षांचा कलाकार उष्माघाताने गेला, त्याचा सूट साधारण १५ किलोचा होता. तेव्हा ना दुपार होती ना गर्दी. पार्क बंद झाल्यावर, रात्री, वीसेक मिनिटांची नाचाची तालीम चालली होती.

सूटमध्ये इतक्या लवकर असं काय होतं? गणित सोपं आहे. बेताने नाचणारं शरीर साधारण ३०० वॅट उष्णता तयार करतं. त्यातली २०० वॅट बाहेर पडलीच नाही, तर ५५ किलोच्या माणसाचं अंग दर १६ मिनिटांना एका अंशाने तापतं. पाऊण तासात ३७ चे ४० होतात, आणि ४० म्हणजे उष्माघाताचं दार. यात बाहेरचं ऊन अजून धरलेलंच नाही.

"आपलं ऊन कोरडं असतं, घाम सुकतो, मुंबईसारखं नाही" हे नागपूरकराचं आवडतं वाक्य सूटच्या आत लागू पडत नाही. कोरड्या हवेत घाम उडतो आणि अंग थंड होतं, म्हणूनच तर आपला खसचा कूलर चालतो. पण नकली फर, त्याखाली इंचभर फोम, त्याखाली अस्तर, आणि मानेशी घट्ट बसलेला मुखवटा, एवढं चढवलं की आतली हवा काही मिनिटांत घामाने भरून जाते. बाहेर मे महिन्यातलं नागपूर, आत जूनमधली मुंबई. कूलर बंद खोलीत लावला तर काय होतं ते आपल्या घरातल्या आजीलाही माहीत असतं : खिडकी उघडी ठेव गं, नाहीतर चिकचिक होते. सूटला खिडकी नसते.

म्हणून गारव्यासाठी जे विकलं जातं त्यातलं निम्मं इथे कुचकामी ठरतं. पाण्यात भिजवून घालायचं जॅकेट सूटच्या आत निरुपयोगी, कारण पाणी उडायला जागाच नाही. बर्फाच्या किंवा जेलच्या पाकिटांचं जॅकेट चालतं, कारण ते वितळताना उष्णता ओढतं. त्याचं दोनेक किलो वजन मात्र त्या २५ टक्क्यांतच मोजायचं, पाकिटं थेट कातडीवर ठेवायची नाहीत आणि जादा संच थर्मासच्या डब्यात हवा. मुखवट्यातला छोटा पंखा बहुतेक जण तोंडावर वारा येईल असा बसवतात. तो डोक्यावर, आतली हवा बाहेर फेकेल असा बसवावा, कारण दमट गरम हवा वरच साठते. शिवाय बाहेर ४० च्या वर असताना पंखा अंग थंड करण्याऐवजी तापवतो, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. लग्नात दिसणारे हवा भरलेले पांडे आणि अस्वलं वजनाला हलके असतात, पण ते नायलॉनचं बंद पोतं आहे. त्यातला पंखा सारखा चालू असला तरच ते उभं राहतं. बॅटरी उतरली की आधी डोकं कलतं, मग कापड चेहऱ्यावर येतं आणि माणूस आंधळा होऊन मांडवाच्या दोरीत अडकतो.

ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त सूटची आणखी एक गोम आहे. तो एकाच मापाचा येतो. मुखवट्यात हेल्मेटसारखा पट्टा नसतो, त्यामुळे बारक्या पोराच्या डोक्यावर तो डुगडुगतो आणि प्रत्येक झोक्याला मान तो सावरत बसते. डोक्याला दुपट्टा गुंडाळून तो घट्ट करायचा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो, पण त्याने डोक्यातून निघणारी उष्णताही कोंडली जाते. बांधकामावरच्या हेल्मेटचा आतला पट्टा काढून मुखवट्यात चार ठिकाणी चिकटवला तर वजन कपाळाच्या रेषेवर येतं आणि वर हवेला जागा राहते. आत पातळ सुती टोपी घालावी, आणि ती प्रत्येकाची स्वतःची. नायटा अशाच ठिकाणी पसरतो. काम झाल्यावर सूट उलटा करून आतून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारायचं आणि पंख्याखाली टांगायचं. सावलीतच, कारण उन्हात फरचा रंग उडतो. ओला सूट पिशवीत कोंबून ठेवला की पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी कळतं.

पण हे सगळं दुय्यम आहे. डिस्नीच्या पार्कात सूटमधला माणूस लोकांमध्ये येतो तेव्हा त्याच्या बाजूला साध्या गणवेशात एक जण असतो. इंग्रजीत त्याला कॅरेक्टर अटेंडंट म्हणतात, आपल्या इव्हेंटवाल्यांच्या भाषेत हेल्पर. पाहुण्यांना वाटतं तो रांग लावायला आलाय. खरं म्हणजे तो आतल्या माणसाचे डोळे असतो, कान असतो आणि घड्याळही.

डोळे, कारण मुखवट्याच्या डोळ्यांतून बहुतेक वेळा दिसतच नाही. दिसतं ते तोंडाच्या किंवा नाकाच्या काळ्या जाळीतून, सरळ समोरचं. हनुवटीखाली, बाजूला आणि मागे काही नाही. तीन वर्षांचं लेकरू नेमकं हनुवटीखालीच येऊन उभं राहतं, आणि आठ-दहा वर्षांचे पोट्टे मागून येऊन शेपटी ओढतात. पायरी, वायर, मंडपाचा खुंटा, हे सगळं त्याच आंधळ्या पट्ट्यात येतं.

घड्याळ, कारण आतल्याला वेळेचं भान राहत नाही. पहिल्यांदा काम करणाऱ्याला तर नाहीच. उष्णतेत नवख्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या फक्त २० टक्के, मग रोज २० टक्के वाढवत न्यायचं, असा अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा सल्ला आहे. आपल्याकडे नवखा पोरगा पहिल्याच दिवशी उद्घाटनाला सकाळी दहा ते संध्याकाळी सात उभा राहतो. वीस मिनिटं बाहेर आणि तेवढाच वेळ सावलीत, मुखवटा पूर्ण काढून, एवढं तरी हवं. आणि दर विश्रांतीत तहान लागो न लागो, पाणी.

तिसरं काम कानाचं, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं. ऊन लागलेल्या माणसाचा चेहरा लाल होतो, तो घामाघूम होतो, डोळे फिरवतो. सूटमध्ये यातलं काहीच दिसत नाही. बाहेरून टेडी हसतोच आहे. म्हणून खुणा आधी ठरवाव्या लागतात : हेल्परने दर पाच मिनिटांनी पंजा दोनदा दाबायचा आणि आतल्याने दोनदा दाबून उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही, उशिरा आलं किंवा भलतंच आलं, की तडक आत न्यायचं. चेन पाठीत असते आणि हातात फोमचे चार बोटांचे पंजे. स्वतःची सुटका स्वतः करताच येत नाही. एकट्याने उभ्या असलेल्या टेडीला नेमका हाच धोका आहे. आत नेल्यावर आधी मुखवटा काढायचा, मग पाठीची चेन, मग मान, बगला आणि जांघेवर गार पाणी आणि वारा. बोलणं बरळल्यासारखं झालं तर १०८ ला फोन. खिशातला कांदा घरच्यांच्या समाधानासाठी असू द्या.

डिस्नीत मुखवटा लोकांसमोर काढणं हे महापाप. तिथले कलाकार "मी मिकी आहे" असंसुद्धा म्हणत नाहीत, "माझी मिकीशी मैत्री आहे" म्हणतात. मुलांच्या मनातली जादू जपायची असते. ती जादू परवडते, कारण बाजूला हेल्पर आहे आणि पडद्यामागे थंड खोली आहे. आपण काय केलं? "डोकं काढायचं नाही, पार्टीचा मूड जातो" ही अट तेवढी उचलली, हेल्पर आणि खोली मागे ठेवली. वास्तविक आपल्याला त्या अटीची गरजच नव्हती. बहुरूप्याच्या देशातली माणसं आपण. पोलिसाचं सोंग घेऊन दारात आलेला बहुरूपी कोण आहे ते सगळ्या गल्लीला माहीत असतं, तरी मजा कमी होत नाही. रामनवमीच्या शोभायात्रेतला हनुमान गदा मांडीवर ठेवून चहा पितो आणि लोक तरीही पाया पडतात. टेडीने डोकं काखेत घेऊन टपरीवर पाणी प्यायलं तर नागपूरचं पोर घाबरत नाही, उलट "दादा, मला घालून दाखव ना" म्हणतं. या बाबतीत आपण डिस्नीच्या पुढे आहोत, आणि ही सवलत आपणच गमावतो आहोत.

बंदीवाल्यांना एवढंच सांगायचं आहे की बंदी रस्त्यावरच्या टेडीला लागेल. लॉनवरच्या लग्नात, बंद हॉलमध्ये, स्पीकरसमोर तासभर नाचणाऱ्याला लागणार नाही. आणि पोटावर पाय नको म्हणणाऱ्यांना आठवण करून द्यावीशी वाटते की डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांसाठी कायदा करण्यात महाराष्ट्र कधीच मागे नव्हता. माथाडी कायदा १९६९ चा आहे. कामगार आणि मालक दोघांची मंडळात नोंद, मजुरी मंडळामार्फत, वर लेव्ही, म्हणजे मालकाने मंडळाकडे भरायची जादा रक्कम. दोन-तीन किलोचा मुखवटा दिवसभर डोक्यावर घेणारा पोरगा या यादीत नाही. नव्या श्रमसंहितेतल्या कंत्राटी कामगारांच्या तरतुदी ५० माणसांपासून लागू होतात, आणि इव्हेंटवाल्याकडे असतात चार.

तोवर हिशोब ऑर्डर देणाऱ्याच्या हातात आहे. टेडी सांगताना भाव विचारतो तसं किती माणसं येणार हेही विचारायचं. संध्याकाळी सातनंतर, हॉलमध्ये, दोन माणसं पुरतात : एक सूटमध्ये, एक बाजूला, दर वीस मिनिटांनी अदलाबदल, टोपी आणि आतले कपडे ज्याचे त्याला. उघड्यावर, दिवसा, तीन लागतात. दोघांतच अदलाबदल केली तर जो बाहेर आला तोच हेल्पर होतो आणि उन्हातच उभा राहतो, मग त्याला विश्रांती कुठली? तिसऱ्याने तेवढा वेळ कूलरसमोर बसायचं. खिडकी उघडी ठेवून.