फुकटच्या कागदाचे हजार रुपये कायचे?

उन्हाळा लागला की नागपूरच्या मानेवाडा, नंदनवनच्या गच्च्यांवर पापड-कुरडया वाळत पडतात अन् मागोमाग एजंट हजर. उद्यम नोंदणीचे, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचे, म्हणे हजार रुपये! अरे बाप्पा, ती सरकारी पोर्टलवर फुकट आहे. आधार, ओटीपी, पॅन, बँक खातं, झालं. गूगलवर वरती दिसणाऱ्या खासगी साइटी सरकारी वाटतील असाच अर्ज दाखवतात, लोक तिथंच फसतात. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे का, एवढं तरी बघा.

गुमास्त्याचंही, म्हणजे दुकान-धंद्याच्या परवान्याचंही तेच. हाताखाली वीसपेक्षा कमी माणसं असतील (२०२५ च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा दहा होती) तर २०१७ च्या कायद्यात नोंदणी नाहीच, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची. अन् शिलाई मशीन आलं की विजेचं मीटर लगेच कमर्शियल होत नाही. घराच्याच एका भागात धंदा, वापर महिन्याला ३०० अन् वर्षाला ३६०० युनिटच्या आत, तर दर घरगुतीच.

जिथं खरंच चुकतं तिथं मात्र सगळे गप्प. पन्नास डब्यांचा स्वयंपाक १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरवर! धंद्याला व्यावसायिक सिलिंडरच लागतो. पकडलं तर सिलिंडर जप्त, वर गुन्हा. अन् पापडाच्या पुड्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा खात्याच्या नोंदणीचा, १४ आकडी नंबर? तो छापायला कोणताच एजंट सांगत नाही.